पायाळू पाहुण्यानं दाखवलेली विहीर

बुलढाण्याला जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातली माणसं आधी विचारतात, "तिथं आहे काय?" पूर्वीचा मी असतो तर या एका प्रश्नावर अर्धा तास रंगवला असता. घाटात एस.टी. कशी धापा टाकते, कंडक्टर कसा खेकसतो, पाटीतली कोंबडी कुणाच्या मांडीवर येऊन बसते, सगळं आवाजांसकट. आवाज काढणं हा माझा जुना उद्योग. शाळेत मी इतिहास शिकवतो. पण पोरं तासाला बसतात ती किल्लेदाराचा आणि त्याच्या घोड्याचा आवाज मी एकाच दमात काढतो म्हणून. लग्नकार्यात यजमान मला शेवटच्या पंगतीला बसवतात. तोवर पाहुण्यांना हसवायची माझी फुकट नेमणूक असते.

यंदाच्या मे महिन्यात मी तिकडून परत आलो आणि त्यानंतर एकही नक्कल केलेली नाही. का, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांना नुसती प्रवासाची मौज हवी असेल त्यांनी घाट चढेपर्यंत माझ्याबरोबर यावं. पुढचा रस्ता चांगला नाही.

मलकापूरहून वर

आगगाडी बुलढाण्याला जात नाही. ती आपल्याला मलकापूरला उतरवते आणि पुढचं तुमचं तुम्ही पाहा म्हणून निघून जाते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन उन्हाळे झाले होते. फलाटावरच्या पाट्या नव्या होत्या, ऊन मात्र जुनंच होतं. सकाळी नऊ वाजता लोखंडी बाकाला हात लावला तर तवा लागावा तसा चटका बसला.

एस.टी.त शेजारी आंब्यांची पाटी घेतलेल्या एक आजीबाई होत्या. त्यांनी मला आपादमस्तक पाहून विचारलं, "कुठले म्हनाचं?"

"पुण्याचा."

"पुन्याचे? आन् बोलता ते समजून राह्यलं की मले!" असं म्हणून त्यांनी मला एक आंबा दिला. पुण्यात शेजारच्या प्रवाशाला आंबा द्यायचा म्हणजे आधी आडनाव विचारावं लागतं. इथं आडनाव राहिलं बाजूला, आंब्याची कोय फेकायला खिडकीही त्यांनीच उघडून दिली.

घाट संपला आणि वारा बदलला. बुलढाणा पठारावर आहे. खालच्या भट्टीतून वर आलं की कुणीतरी ओला पंचा मानेवर ठेवावा तसं वाटतं. गाव कचेऱ्यांचं. कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली खेड्यांतून आलेली माणसं कागदांची पुरचुंडी मांडीवर घेऊन आपल्या नावाचा पुकारा व्हायची वाट पाहत होती. रामभाऊ मला न्यायला आला होता. आम्ही ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत राहिलो. तो गेली पंधरा वर्षं देऊळघाटच्या पलीकडे एका वाडीत हेडमास्तर आहे. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांना माझ्यामुळे आणखी कुणाचं तोंड पाहावं लागू नये.

देऊळघाटला चहा झाला आणि पुढं बैलगाडी. तिच्या हिसक्यांनी रामभाऊच्या कमरेत उसण भरली. घरी पोचलो तेव्हा तो काटकोनात होता. मी म्हणालो, "ओसरीवर पालथा हो. विसरलास? मी पायाळू आहे."

मी जन्मलो तो पाय पुढं करून. आईला त्याचा फार त्रास झाला आणि मला फार फायदा. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण उतरते, अशी समजूत आमच्या पेठेतही आहे. लहानपणी चांगले चांगले गृहस्थ सकाळी दारात येऊन माझ्याकडून लाथा खाऊन जात आणि वर खडीसाखर देत. मास्तरांना लाथ मारून खडीसाखर मिळवलेला आमच्या शाळेतला मी एकटाच विद्यार्थी असेन. तर मी रामभाऊला तीन लाथा घातल्या, आणि तो कण्हत कण्हत का होईना, सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाचसहा कंबरा ओळीनं हजर! मी खूश. हर एक लाथेला वेगळा आविर्भाव केला. कुणाला राजासारखी, कुणाला रुसलेल्या बायकोसारखी. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. पायाळू माणसाला जमिनीखालचं दिसतं, गाडलेलं धन आणि वाहतं पाणी दोन्ही दिसतं, ही त्याच समजुतीची दुसरी बाजू. ती मला माहीत होती. त्या सकाळी ती माझ्या डोक्यात आली नाही.

तुळशीरामचं वावर

त्या ओळीत शेवटी उभ्या असलेल्या माणसाची कंबर धड होती. तो तुळशीराम माळी. वय तिशीच्या आसपास, हातापायांनी दणकट, बोलायला लाजरा.

"गुरुजी, आज कोंडबा आमच्या वावरात इहिरीची जागा दाखोनार हायेत. परवापासून इर्जिक हाये. तुमी पायाळू हा. नुसते उभे जरी राह्यले तरी बरं वाटन मले."

इर्जिक म्हणजे सगळ्या वाडीनं मिळून एकाच्या वावरात राबायचं. मजुरी नाही, त्या घरचं जेवण तेवढं. मात्र एका घराला ती वर्षातून एकदाच मागता येते, आणि तीन दिवसांच्या वर नाही. तुळशीरामनं यंदाची इर्जिक विहिरीसाठी मागितली होती. त्याचं वांग्या-मिरचीचं रान होतं, आणि पाणी अर्ध्या कोसावरच्या नाल्यातल्या डोहात. ते पाणी त्याची बायको गोदावरी डोक्यावरून आणी आणि एकेका रोपाच्या बुडाशी गडव्यानं घाली. पाऊस पडायच्या आत विहिरीला पाणी लागलं, तर ती डोहाची वाट सुटणार होती. न लागलं, तर खणलेला खड्डा पावसात ढासळणार आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घागर डोक्यावरच.

कोंडबा हा तिथला पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा. सत्तरीचा, एका पायानं किंचित लंगडा. जागा दाखवायच्या दिवशी तो पाण्याचा थेंब घेत नाही, चप्पल घालत नाही, बोलत नाही. कामाचं काही घेत नाही; अर्धा नारळ तेवढा. त्यानं उंबराची बेचकी काडी दोन्ही मुठीत धरली आणि वावर उभं-आडवं चालायला लागला. नजर खाली. सारा वेळ खाली. दीड तास गेला. एका जागी तो थांबला, मागं आला, पुन्हा गेला. काडी हलली. झोपेत वासराचा कान हलावा तेवढीच. मला तर ती हललीसुद्धा वाटली नाही. कोंडबानं तिथं चुना फासलेला दगड ठेवला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं, "पाणी आना रे."

तुळशीरामनं नारळ फोडला.

मग जेवण. रोडगे गोवरीच्या आरावर भाजायचे, राख झटकायची, हातानं कुस्करायचे आणि त्यावर तूप. जोडीला त्याच रानातल्या वांग्यांची भाजी, वर तर्रीचा लाल थर. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. समोरचा एक जण म्हणाला, "काऊन बे, पाव्हन्याले रडवलं?" दुसरा म्हणाला, "पायाळू हायेत ना. पानी असंच काढतेत." सगळे खदखदले. माझ्या अंगात वारं भरायला तेवढं पुरे होतं.

जेवणं झाली, पानं झाली. "होऊन जाऊ द्या, गुरुजी!" मी उठलो. कंडक्टर केला, कोर्टातला वकील केला, रामभाऊचा काटकोन केला. माणसं लोळली. हसू थोडं ओसरू लागलं की माझा जीव कासावीस होतो. ते पुन्हा चढवल्याशिवाय मला खाली बसवत नाही. मी उंबराची एक बेचकी मोडून घेतली आणि कोंडबा केला.

तसंच लंगडणं, तसेच मिटलेले ओठ, तशाच मुठी. कोंडबा स्वतः बोळक्या तोंडानं हसत होता. मी पंचवीसेक पावलं बांधाकडं गेलो. आता नकलेला शेवट हवा होता. मी थांबलो, सगळ्यांवर एक नजर फिरवली, आणि मनगटं किंचित बाहेर वळवली. काडी अशी सपकन खाली गेली की तळहाताची साल निघाली.

हशा आला नाही.

तुळशीराम वाढपाची पळी हातात घेऊन उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. तो पुढं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, काडी वाकली का तुमी वाकवली?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारलेला नाही. उत्तर एका शब्दाचं होतं. पण सगळी पंगत माझ्याकडं पाहत होती, आणि त्या शांततेत एखादं वाक्य कसं पडेल हे माझ्या जिभेला माझ्याआधी कळतं. मी भुवई उडवून म्हणालो, "आता ते त्या काडीलाच विचारा!"

टाळी आली. मोठी आली.

कोंडबा हसला नाही. तो उठला, आपल्या चुन्याच्या दगडापाशी गेला आणि दोन्ही हातांनी तो उचलला. तुळशीराम धावला तर त्याला मानेनंच बाजूला केलं. लंगडत तो माझ्यापर्यंत आला आणि दगड माझ्या पायापाशी ठेवला. म्हणाला, "जलमात अशी वाकलेली नाही पाह्यली बाप्पा. पायाळूच्या म्होरं आपलं काय चालते!" आणि माझ्या पायांना हात लावायला वाकला. मी मागं सरलो. लोकांना तो माझा नम्रपणा वाटला.

लोणारच्या काठावर

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्हाला लोणारला निघायचं होतं. तसं आधीच ठरलेलं. एस.टी.त मी रामभाऊला सांगितलं, "काडी मी वाकवली."

"ते मला माहीत आहे."

"मग?"

रामभाऊनं तिकिटांची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, "हे बघ, पंचवीस पावलांनी काय फरक पडतो? जमीन एकच. आणि कोंडबाच्या जागी पाणी लागलंच असतं कशावरून? त्यानं दाखवलेल्या दोन विहिरी कोरड्या आहेत. तू सांगितलंस तर एवढंच होईल, की हेडमास्तरचा पाहुणा खोटा. पंधरा वर्षांत या लोकांनी माझं ऐकून पोरी शाळेत घातल्या आहेत. माझ्या घरचं खोटं निघालं तर त्या उद्या घरी बसतील."

मुद्दा बिनतोड होता. मला तो इतका आवडला की मी त्याला चहा पाजला. आपल्याला गप्प राहायला सांगणारा मुद्दा फार लवकर पटतो, हे माझ्या लक्षात चिखलीला आलं, आणि मेहकरला मी ते विसरलो.

लोणारचं सरोवर पाहावं ते काठावर उभं राहून. वाडगं जमिनीत दाबून काढावं तसा प्रचंड खड्डा, कडेला झाडी आणि तळाशी हिरवं पाणी. हे दैत्याच्या वधानं झालं, की आकाशातून काही पडून झालं, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. पाणी मात्र खारट, उग्र वासाचं. वाट दाखवणारा म्हातारा म्हणाला, "बैलबी तोंड लावत नाही याले." वर काठावर गोड्या पाण्याची एक धार वाहते. तिथं बायांची रांग लागली होती. एकेक घागर भरायला जो वेळ लागत होता, तो मी उभा राहून पाहिला. रामभाऊ म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचा आवाज काढ ना." मी नाही काढला.

मी आजवर स्वतःला खरा माणूस समजत होतो. परीक्षेत कुणाचे गुण वाढवले नाहीत. वाण्यानं चुकून दिलेली जास्तीची साखर परत नेऊन दिली. कुणाची चहाडी केली नाही. त्या काठावर हिशेब असा लागला, की मी जपलेलं सगळं खरेपण मला फुकटात पडलेलं होतं. त्यापायी मला एकही टाळी सोडावी लागली नव्हती. पहिल्यांदाच ती वेळ आली, तर मी टाळी घेतली. रामभाऊची शाळा, पंचवीस पावलं, कोरड्या विहिरी, ही कारणं त्यानंतरची. तोंड उघडलं त्या वेळी यातलं एकही माझ्या मनात नव्हतं.

परतताना देऊळगाव राजाला मुक्काम केला. बालाजीपुढं उभा राहून मी सगळं सांगून टाकलं. देवाला सांगणं सोपं असतं. 'मग तेव्हाच का नाही बोललात' असं तो विचारत नाही. बाहेर येऊन मी रामभाऊला म्हणालो, "मी सांगणार." तो म्हणाला, "सांग." आणि बुलढाण्यापर्यंत एस.टी.त माझ्यापुढचं बाक धरून बसला.

पुन्हा वावरात

इर्जिकीचे तीन दिवस आदल्या संध्याकाळी संपले होते. वाडीची माणसं आपापल्या कामाला गेली होती. वावरात दोघंच. तुळशीराम खाली, दीड पुरुष खोलीवर. गोदावरी वर काठावर, दोराला बांधलेली टोपली ओढत होती. मुरूम संपून काळा खडक लागला होता. खालून पहारीचा आवाज धातूसारखा येत होता.

"आले का गुरुजी!" तुळशीराम वर आला. त्याच्या तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. "खडक लागला पाहा. खडकाखालीच असते."

मी उभ्या उभ्या सांगितलं. आविर्भाव नाही, आवाज नाही. "तुळशीराम, काडी वाकली नव्हती. मी वाकवली. नक्कल होती ती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्यानं ऐकून घेतलं आणि समजूत घालावी तशा सुरात म्हणाला, "पायाळूले सोताले नाही समजत, गुरुजी. माहा आजा सांगे. त्याले वाटते आपुन खेळून राह्यलो. पन हात जमिनीचे असतेत."

"अरे, हात माझेच होते! थांब, दाखवतो."

मी उंबराची काडी मोडून आणली. खड्ड्यापासून दहा-बारा पावलं गेलो, तोंडानं बोलत बोलत: "हे बघ, मुठी अशा. आता मनगट बाहेर. एवढंच." काडी सपकन खाली गेली.

तुळशीराम माझ्या हातांकडं पाहतच नव्हता. तो जमिनीकडं पाहत होता. त्यानं धावत जाऊन त्या जागी एक ढेकूळ ठेवलं, ढेकळाकडून खड्ड्याकडं एक रेघ हवेत ओढली, आणि त्याचं तोंड उजळलं.

"म्हंजे झरा असा तिरपा गेला हाये! दोन्ही जागा एकाच रेघेत आल्या पाहा. मंग तं आपन झऱ्यावरच हाओत! खडक फोडला का पानी!"

"तुळशीराम, ऐक..."

पण तो दोराला धरून खाली उतरलाही होता. मघापेक्षा दुप्पट जोरानं पहार पडू लागली. माझ्या कबुलीनं त्याच्या अंगात नवं बळ आलं होतं.

रामभाऊ बांधावर मान खाली घालून बसला. गोदावरी टोपली सोडून माझ्याजवळ आली. कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "मले त्याच दिवशी समजलं होतं."

"काय?"

"तुमी काडी वाकवाच्या आंधी आमच्या तोंडाकडं पाह्यलं होतं. कोंडबा कवाच वर पाह्यत नाहीत."

"मग बाई, तुम्ही का नाही बोललात?"

"मी?" ती हसली, पण हसण्यात काही नव्हतं. "भरल्या पंगतीत, मोठ्या गुरुजीच्या पाव्हन्याले मी खोटं म्हनू? मंग मले इथं नांदू देतील का? माहं तोंड बांधेल होतं, गुरुजी. तुमचं कोनी बांधलं होतं?"

खालून खडकाची एक कपची उडाल्याचा आणि तुळशीरामनं दात आवळून 'स्स' केल्याचा आवाज आला. तिनं वाकून पाहिलं. "लागलं काय हो?" खालून, "नाही, नाही. वढ टोपली."

टोपली रिकामी करून ती पुन्हा आली. "यायले तुमी आता समजावू नोका. जितकं समजवान तितके खोल जातील. कोंडबाकडं जा. ते आले आन् म्हनले, 'बापू, इथं नाही', तं हे आयकतील. दुसऱ्या कोनाचं नाही आयकत. अजून पावसाले दिवस हायेत. त्यायच्या पहिल्या जाग्यावर आमी दोघं मिळून खंदू. इर्जिक नसली तं नसली."

कोंडबाच्या दारात

कोंडबा दारात बसून अंबाडीचा दोर वळत होता. तुळशीरामच्या विहिरीसाठीच. म्हाताऱ्याच्यानं खणवत नाही, म्हणून त्याची इर्जिक अशी. आम्हाला पाहून त्यानं घोंगडी अंथरली, गूळ आणि पाणी आणवलं.

वाटेत रामभाऊनं मला बजावलं होतं, "सगळं सांगू नकोस. 'तुमची जागा बरोबर होती, एकदा येऊन पाहा' एवढं म्हण." पण मला आता सगळं सांगायचं होतं. इतक्या उशिरा सुचलेलं खरेपण मला अर्धवट नको होतं. त्या घोंगडीवर बसून मला जरा बरंही वाटत होतं, हेही इथं लिहून ठेवतो.

मी सांगितलं. काडी कशी मोडली, नकलेला शेवट कसा हवा होता, मनगट कसं वळवलं.

कोंडबा रागावेल असं मला वाटलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदानं घेतल्या असत्या. त्याचा दोर मात्र थांबला.

"म्हंजे, हातानं वाकते?" त्यानं विचारलं.

"हो."

"कोनाले न दिसता?"

रामभाऊनं माझ्या गुडघ्याला हात लावला. मला तेव्हा कळायला हवं होतं. मी म्हणालो, "हो, बाबा. कुणाला नाही दिसत."

"दाखवा."

दारातच उंबर होता. मी दाखवलं. कोंडबानं काडी माझ्या हातातून घेतली, आपल्या मुठीत धरली आणि मी सांगितलं तसं मनगट वळवलं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा काडी सपकन खाली गेली. तो दचकला. मग त्यानं मनगट अगदी थोडं वळवलं, केसभर. काडी हलली. झोपेत वासराचा कान हलावा तेवढी.

त्यानं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेवढीच हलली.

"माही अशीच हाले," तो म्हणाला. "मले वाटे, जमीन वढते."

"तुमची खरीच होती, बाबा."

"तुमाले काय ठाव, गुरुजी?"

त्यानं ते मला टोचायला विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. कुणी सांगू शकलं असतं तर त्याला हवं होतं. आणि खोटं करून दाखवलेला मी त्याच्या खऱ्याची ग्वाही देत होतो!

रामभाऊ म्हणाला, "बाबा, ते राहू द्या. तुम्ही वावरात चला. तुळशीरामला म्हणा, इथं पाणी नाही, माझ्या जागी खण. तो तुमचंच ऐकेल. नाहीतर खडकावर जीव देईल तो."

"काय सांगू त्याले?" कोंडबा म्हणाला. "हाये का नाही, मले कुठं ठाव? शाळंच्या इहिरीले लागलं, पाटलाच्या लागलं. दोन कोल्ल्या गेल्या, थेंब नाही, तवा म्या म्हनलं, देवाची मर्जी. आता वाटते, त्या म्या वाकवल्या काय? आन् लागल्या त्या कोनं वाकवल्या?" त्यानं काडी हातात फिरवली. "उपाशी राहून आजवर मी काय पाह्यत होतो, मास्तर?"

आम्ही दोघंही मास्तर.

"निदान या तरी," रामभाऊ म्हणाला. "खोटंच सांगा. त्याच्या भल्यासाठी."

कोंडबानं मान हलवली. "खोटं नाही येत मले." मग काडीकडं पाहून म्हणाला, "का येते, तेबी आता समजत नाही."

त्यानं काडी भुईवर ठेवली. दोन्ही हात धोतराला पुसले, उलटेसुलटे करून पाहिले आणि पुन्हा पुसले. अर्धा वळलेला दोर मांडीवरून घसरून खाली गेला, तो त्यानं उचलला नाही. बांधापलीकडून पहारीचा आवाज येत होता, एकसारखा, न थकता. कोंडबा तो ऐकत होता. मीही ऐकत होतो. तो थांबवणारा शब्द त्या सकाळपर्यंत एका माणसापाशी होता, आणि तो मी नुकताच त्याच्याकडून काढून घेतला होता.